सूर्याची बाजू मांडणारा गणिती

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतात अणुशक्तीविषयी मोठे कुतूहल आणि त्याहून मोठी आशा होती. अणुभट्ट्या उभ्या राहतील, स्वस्त वीज घरोघरी पोहोचेल आणि देशाचे दारिद्र्य सरेल, अशी स्वप्ने पंतप्रधानांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारेच पाहत होते. या भारलेल्या वातावरणात वेगळा सूर लावणारे वैज्ञानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांतील सर्वांत निर्भीड नाव म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. भारतासारख्या उष्ण आणि गरीब देशाने आपली बुद्धी व पैसा अणूपेक्षा सूर्यावर खर्च करावा, हे त्यांचे मत होते. ते त्यांनी जाहीरपणे, आकडेमोडीसह मांडले आणि त्याची किंमतही मोजली.

कोसंबी यांची ओळख प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून अधिक आहे. गणिताच्या वर्तुळात ते भूमितिज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेत. संस्कृतच्या अभ्यासकांना त्यांनी सिद्ध केलेली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती ठाऊक असते. मात्र घराच्या छपरावर पडणाऱ्या उन्हाचा राष्ट्रीय प्रश्न म्हणून विचार करणारे कोसंबी फारसे कोणाला माहीत नाहीत. आज शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर निळसर काळे पत्रे चढू लागले असताना त्यांच्या आयुष्याचा हा भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे एक विलक्षण गृहस्थ. बुद्धाच्या शिकवणीच्या ओढीने त्यांनी घर सोडले, पायपीट करत नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घातला आणि पाली भाषेचे पंडित म्हणून जगभर मान्यता मिळवली. औपचारिक पदवी नसलेल्या या माणसाला अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण केले होते. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि थोरली मुलगी माणिक त्यांच्यासोबत होते.

केंब्रिज गावातील शाळेत दामोदरचे शिक्षण झाले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्याने आत्मसात केल्या. पुढे सायबरनेटिक्सचे जनक म्हणून विख्यात झालेले नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्याचा परिचय याच काळातला. मधली काही वर्षे भारतात काढून १९२६ मध्ये तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. तेथे जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्यासारख्या अग्रगण्य गणितज्ञाचे मार्गदर्शन लाभले. १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानासह पदवी घेऊन दामोदर मायदेशी परतला. जगभर मंदीची चाहूल लागलेली होती आणि पुढील शिक्षणासाठी पैशाची सोय नव्हती. त्यामुळे ज्याला लौकिकार्थाने पुढची पदवी म्हणतात, ती कोसंबी यांनी कधीच घेतली नाही.

परतल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवले. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित विभागाची धुरा आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती. वेल यांनी कोसंबी यांना तेथे बोलावून घेतले. अलीगढचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला, पण त्यांच्या भूमितीतील संशोधनाला तेथे बहर आला. त्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. ज्या संस्थेत वडिलांनी पाली शिकवली होती, तेथे मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक त्यांना मिळाले.

पुण्यातील ही वर्षे कमालीची फलदायी होती. १९४३ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रात मांडलेली एक पद्धत पुढे कार्हुनेन आणि लोव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. आज प्रतिमा आणि ध्वनी यांवर संगणकीय प्रक्रिया करताना ती वापरली जाते आणि तिच्या नावात कोसंबी यांचाही उल्लेख होऊ लागला आहे. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्राला एक सूत्र दिले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे संकराच्या प्रयोगातून अजमावण्यासाठी ते उपयोगी पडते. भात, गहू अशा पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे वैज्ञानिक आजही ‘कोसंबी फलन’ नित्य वापरतात. त्यांतील अनेकांना हे सूत्र देणारा माणूस इतिहासकारही होता, याची कल्पना नसते.

नाण्यांचा अभ्यास हा या गणिती बुद्धीचा आणखी एक अविष्कार. प्राचीन नाणी हातोहात फिरताना झिजतात. ही झीज मोजली तर नाण्यांच्या चलनाचा काळ ठरवता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले आणि हजारो नाणी त्यांनी तराजूत तोलली. नाण्यांवरून ते राजांकडे, राजांवरून समाजाकडे आणि समाजावरून इतिहासाकडे वळले. सुटीच्या दिवशी काठी हाती घेऊन पुण्याच्या परिसरातील टेकड्या, लेणी, म्हसोबा आणि मातृदेवतांची ठाणी ते पायी धुंडाळत. शेतकरी, धनगर, पारधी यांच्याशी बोलत. ग्रंथात जे सापडत नाही, ते माणसांच्या रीतिरिवाजांत सापडते, ही त्यांची धारणा होती. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. राजांच्या वंशावळींऐवजी नांगर, लोखंड, व्यापारी मार्ग आणि उत्पादनाची साधने इतिहासाच्या केंद्रस्थानी आली.

सूर्यशक्तीविषयीच्या त्यांच्या भूमिकेचे मूळ या भटकंतीत असावे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या बायका, भिंतींवर थापलेल्या शेणाच्या गोवऱ्या आणि उघडेबोडके डोंगर हे दख्खनच्या पठारावर पावलोपावली दिसणारे दृश्य होते. इतिहासाचा अभ्यास करताना उत्पादनाची साधने कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न ते नेहमी विचारत. उर्जेबाबतही त्यांनी तोच प्रश्न विचारला.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबी यांना निमंत्रण दिले. दोघेही परदेशात शिकलेले, दोघेही अनेक विषयांत रमणारे. भाभा चित्रकार होते, संगीताचे जाणकार होते. सुरुवातीला त्यांचे चांगले जुळले. कोसंबी पुण्यातले घर सोडायला तयार नव्हते. डेक्कन क्वीनने ते पुण्याहून मुंबईला जात आणि संध्याकाळी परत येत. रोजच्या प्रवासातील हे तास वाचन आणि लेखन यांसाठी त्यांना पुरेपूर मिळत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टन येथे आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी चर्चा केली.

या दौऱ्याआधीच जगाने हिरोशिमा आणि नागासाकी पाहिले होते. परतल्यावर कोसंबी जागतिक शांतता चळवळीत ओढले गेले. अण्वस्त्रांच्या विरोधात त्यांनी सभा गाजवल्या, परिषदांसाठी युरोप, सोव्हिएत रशिया आणि चीनचे दौरे केले. अण्वस्त्रांना विरोध ही त्या काळी भारताची अधिकृत भूमिकाही होती. मात्र कोसंबी तेथेच थांबले नाहीत. शांततेसाठी अणू या घोषणेचीही त्यांनी चिकित्सा सुरू केली आणि ठिणगी तेथे पडली.

भाभा यांच्या हाती तोवर देशाच्या अणुकार्यक्रमाची सारी सूत्रे आली होती. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला व ते त्याचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. टाटा संस्थेचा बराचसा खर्चही अणुऊर्जा खातेच उचलत होते. अशा संस्थेत पगारी प्राध्यापक असणाऱ्या माणसाने अणुऊर्जेच्या अर्थशास्त्रावर जाहीर शंका घेणे म्हणजे स्वतःच्या पायांखालची फांदी तोडण्यासारखे होते.

२५ जुलै १९६० रोजी पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये कोसंबी यांनी भारतासाठी अणुशक्ती या विषयावर व्याख्यान दिले. समोर बसलेली मंडळी उद्योजक, डॉक्टर, वकील अशी होती. कोसंबी यांनी त्यांच्यासमोर घोषणा दिल्या नाहीत, हिशेब मांडला. अणुवीज स्वस्त पडते हा दावा ज्या देशांत केला जातो, तेथे अणुभट्ट्यांचा मोठा खर्च लष्कराच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. तो बाजूला काढून उरलेल्या आकड्यांवर भारताने आपली योजना बेतू नये, हा त्यांचा पहिला मुद्दा. किरणोत्सर्गी कचऱ्याची विल्हेवाट आणि किरणांचा पुढील पिढ्यांवर होणारा परिणाम या बाबी किमतीत धरल्याच जात नाहीत, हा दुसरा. आनुवंशशास्त्रात स्वतः काम केलेले असल्याने या दुसऱ्या मुद्द्याला वजन होते.

त्यानंतर त्यांनी सूर्याकडे लक्ष वेधले. भारताला ऊन फुकट मिळते आणि भरपूर मिळते. त्याची वाहतूक करावी लागत नाही. ते कोणाच्या मालकीचे नाही आणि कोणी त्याची साठेबाजीही करू शकत नाही. मात्र सर्वांत मोठा लाभ त्यांना वेगळाच दिसत होता. हजारो खेड्यांना तारांच्या एकाच जाळ्यात ओवण्याचा अवाढव्य खर्च न करता जेथे वीज हवी तेथेच ती तयार करता येईल, हा तो लाभ. लहान उद्योग खेड्यात राहू शकतील, खेडूत दूरच्या नोकरशाहीवर अवलंबून राहणार नाहीत आणि सुरुवातीची गुंतवणूकही तुकड्या-तुकड्यांनी करता येईल. समाजवादाची भाषा बोलणाऱ्या देशाला याहून अनुरूप ऊर्जास्रोत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कोसंबी यांचा विचार समजून घेण्यासाठी विदर्भातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील जानेफळ हे असेच एक गाव. उन्हाळ्यात येथे ऊन अक्षरशः भाजून काढते. अशा गावापर्यंत आलेली वीज कोराडी, चंद्रपूर किंवा पारस येथील औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून तयार होणार. कोळसा खाणीतून काढायचा, रेल्वेने वाहायचा, जाळायचा आणि तयार झालेली वीज शेकडो किलोमीटरच्या तारांवरून पाठवायची. वाटेत काही वीज गळते, वादळात खांब पडतात आणि टंचाईच्या काळात भारनियमनाची कुऱ्हाड पहिल्यांदा खेड्यावरच कोसळते. याउलट त्याच गावातील घरांच्या छपरांवर आणि शेतांच्या बांधांवर दिवसभर पडणारे ऊन वायाच जाते. कोसंबी यांचा आक्षेप नेमका या विसंगतीवर होता.

हे सारे सहज होईल, अशा भ्रमात ते नव्हते. सूर्यशक्ती म्हणजे खेडुताने फावल्या वेळात जुळवायची जुजबी खटपट, अशी समजूत त्यांना मान्य नव्हती. पहिल्या प्रतीचे विज्ञान आणि उत्तम तंत्रज्ञान तिला लागते आणि त्याचे फळ सामान्य माणसाच्या हाती पडले पाहिजे, यावर त्यांचा भर होता. चांगली सूर्यचूल तयार झाली तर शेण जाळण्याऐवजी शेतात खत म्हणून जाईल, जंगलतोड थांबेल आणि जमिनीची धूप कमी होईल, अशी साखळी ते उलगडून दाखवत. १९६४ मध्ये दिल्लीच्या ‘सेमिनार’ मासिकातून अविकसित प्रदेशांसाठी सूर्यशक्ती या विषयावर त्यांनी पुन्हा लिहिले.

सूर्यशक्तीची कल्पना मुंबई इलाख्याला तशी नवी नव्हती. १८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स या उच्च न्यायालयातील इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून उन्हाने बाष्पक तापवला आणि त्या वाफेवर पंप चालवून दाखवला होता. सैनिकांसाठी त्याने सूर्यचूलही बनवली. १८७८ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑग्युस्त मूशो या फ्रेंच गणित शिक्षकाने आपले सूर्ययंत्र मांडले होते. कोळसा स्वस्त होत गेला तशी ही यंत्रे विस्मरणात गेली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात सूर्यचूल तयार केली. तीही बाजारात चालली नाही. भर उन्हात बसून स्वयंपाक करणे आणि चुलीचे तोंड वारंवार सूर्याकडे फिरवणे गृहिणींना परवडणारे नव्हते.

उन्हापासून थेट वीज देणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये जगासमोर आणला. पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करत असे. किंमत मात्र इतकी होती की, उपग्रहाखेरीज तो कोणालाच परवडत नव्हता. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड-१’ उपग्रह अशा घटांवर चालला. म्हणजे कोसंबी रोटरी क्लबमध्ये बोलत होते, तेव्हा सूर्याच्या विजेवर घर चालवणे ही तांत्रिकदृष्ट्या शक्य, पण आर्थिकदृष्ट्या अशक्य गोष्ट होती. भाभा यांच्या बाजूचे म्हणणे म्हणूनच नुसते हेकटपणाचे नव्हते. देशाचा बराच कोळसा पूर्वेकडे होता, मुंबईचे कारखाने पश्चिमेला होते आणि केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमचा मोठा साठा होता. या साठ्याच्या भरवशावर त्यांनी तीन टप्प्यांचा दीर्घ पल्ल्याचा कार्यक्रम आखला होता. उद्योगधंद्यांना रात्रंदिवस अखंड वीज हवी होती आणि सूर्य संध्याकाळी मावळतो, पावसाळ्यात ढगांआड जातो. वीज साठवण्याचे स्वस्त साधन १९६० मध्ये नव्हते.

तरीही कोसंबी यांच्या युक्तिवादातला गाभा या आक्षेपाने निकालात निघत नाही. दोन्ही तंत्रे बाल्यावस्थेत असताना एकावर देशाची तिजोरी रिती करायची आणि दुसऱ्याला प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवायचे, ही निवड विज्ञानाने केलेली नव्हती, ती सत्तेने केलेली होती. हे सांगण्याचे धाडस त्यांनी सत्तेच्या सावलीत बसून दाखवले.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. या दुराव्याची कारणे एकापेक्षा अधिक होती. गणितापेक्षा इतिहासात आणि राजकारणात त्यांचा वेळ जातो, अशी तक्रार होती. रीमान यांच्या विख्यात गृहीतकाविषयीचा शोधनिबंध त्यांनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील सिद्धता गणितज्ञांना मान्य झाली नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. त्यांचा स्वभावही तिखट होता. चुकीला चूक म्हणताना समोरच्याचे पद ते पाहत नसत, त्यामुळे मित्रांपेक्षा दुखावलेले लोक अधिक होते. मात्र अणुऊर्जेवरील टीका हे त्यातील एक मोठे कारण होते, यावर त्यांचे बहुतेक चरित्रकार सहमत आहेत.

सोळा-सतरा वर्षांची नोकरी पंचावन्नाव्या वर्षी सुटली. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. भांडारकर संस्थेजवळच्या घरात त्यांचे लेखन, टेकड्यांवरची भटकंती आणि देशोदेशींच्या विद्वानांशी पत्रव्यवहार चालूच राहिला. १९६२ मध्ये लोकसंस्कृतीवरील निबंधांचा संग्रह आला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचे गाजलेले पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी २४ जानेवारीला होमी भाभा आल्प्स पर्वतातील विमान अपघातात गेले होते. वादाचे दोन्ही पक्षकार पाच महिन्यांच्या अंतराने काळाच्या पडद्याआड गेले. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये वाहू लागली, ती पाहायला दोघेही नव्हते.

पुढचा इतिहास दोघांच्याही अपेक्षेप्रमाणे घडला नाही. अणुऊर्जा कार्यक्रम चालू राहिला, वाढला, पण आजही देशाच्या एकूण विजेत त्याचा वाटा सुमारे तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. सूर्याची वाट तर त्याहून लांबली. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाला पर्यायी इंधनाची आठवण झाली. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये पहिला भारतीय सौरघट बनवला. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात सौर पत्र्यांच्या किमती झपाट्याने कोसळल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. ज्या स्वस्ताईची वाट कोसंबी पाहत होते, ती त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने आली.

आज शहरातील एखाद्या कुटुंबाने घरावर एक किलोवॉटचा सौर संच बसवला, तर त्याला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महाराष्ट्रातील उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पत्र्यातून येणारी एकदिश वीज ‘इन्व्हर्टर’ घरगुती उपकरणांना चालणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत बदलतो. दिवसा वापरून उरलेली वीज तारांवर जाते, रात्री तारांवरून परत घेता येते आणि दुहेरी मीटरवर दोन्हींचा हिशेब होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवले असून, तीन किलोवॉट व त्यावरील घरगुती संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा प्रयत्न सुरू झाला. रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या सोबतीने पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

असे असले तरी कोसंबी यांचे म्हणणे खरे झाले, असे म्हणून हात झटकता येणार नाही. त्यांच्या मांडणीत सूर्य हा केवळ कोळशाला पर्याय नव्हता. वीज जेथे लागते तेथेच ती तयार व्हावी आणि तिच्यावर वापरणाऱ्याचा ताबा असावा, हा त्या मांडणीचा आत्मा होता. देशातील सौर क्षमतेचा मोठा भाग आज राजस्थान, गुजरात, कर्नाटक येथील विस्तीर्ण प्रकल्पांत एकवटला आहे. तेथील वीज त्याच लांबलचक तारांवरून प्रवास करते. घरांच्या छपरांचा वाटा त्या मानाने लहान आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला स्वतःचे छप्पर नसते आणि गळक्या पत्र्याच्या घरावर संच बसत नाही. मुंबईच्या उंच इमारतींत शेकडो कुटुंबांमागे एकच गच्ची असते. सूर्य फुकट असला, तरी तो पकडण्याचे साधन फुकट नाही. त्यामुळे ऊर्जेची मालकी कोणाची, हा त्यांचा जुना प्रश्न नव्या रूपात कायम आहे. चुलीचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. गॅसच्या टाक्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या, तरी अनेक घरांत सरपण आणि गोवऱ्या अजून जळतात.

३१ जुलै २००८ रोजी, जन्मशताब्दी वर्षाच्या सांगतेला, भारतीय टपाल खात्याने कोसंबी यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. विद्यापीठांत त्यांच्या इतिहासग्रंथांवर परिसंवाद होतात, जनुकीय नकाशांत त्यांचे सूत्र वापरले जाते. सूर्याविषयीचे त्यांचे निबंध मात्र संग्रहांच्या मागच्या पानांत राहिले आहेत. त्यांतील काही आकडे आता जुने झाले, काही अपेक्षा भाबड्या वाटतात. कोणत्याही मोठ्या योजनेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो आणि लाभ कोणाच्या घरात जातो, हे तपासण्याची त्यांची रीत मात्र जुनी झालेली नाही. गच्चीवरील संचाच्या दरपत्रकापासून राज्याच्या ऊर्जा धोरणापर्यंत ती रीत आजही जशीच्या तशी लागू पडते.